बुरुल एजेची न अडवायची यादी

नारिनच्या घोडे-नोंदणी कचेरीतली कंप्युटरवाली म्हणजे बुरुल एजे; थोरल्या बाईला आमच्यात एजे, म्हणजे ताई, म्हणतात. वय बावन्न, आवाज असा की डोंगरावर चरणाऱ्या घोडीनं मान वळवून बघावं. वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, हेडमास्तरांशी वाजलं म्हणून इकडं आली. कंप्युटर बिघडला की आधी त्याला शिव्या घालायची, मग उघडायची. निम्मे शिव्यांवरच सुरू व्हायचे.

कचेरीत अख्ख्या जिल्ह्यातल्या घोड्यांच्या वंशावळी आहेत. कुठलं शिंगरू कुणाच्या पोटचं, ते इथं लिहिलं तेच खरं. कुणी बाहेरून शिरून एखाद्या मरतुकड्या तट्टाचा बाप बदलला तर शर्यतीत डोकी फुटतील. म्हणून बिश्केकच्या मोठ्या कचेरीनं हुकूम धाडला. प्रत्येक कंप्युटरवर राखणदार प्रोग्राम बसवा. शुक्रवारी तपासनीस येईल, नापास झालात तर वंशावळी उचलून बिश्केकला नेऊ. वंशावळी गेल्या की एजेचं कामही गेलं, आन् परत त्या हेडमास्तरापुढं उभं राहायचं म्हणजे तिच्या जिवावर आलेलं.

राखणदाराचं काम साधं. कुणी लागोपाठ पाच वेळा चुकीचा पासवर्ड ठोकला की त्याला बाहेर ठेवायचं आन् बिश्केकला कळवायचं. पण कुठल्या पत्त्यावर कळवायचं, कुठल्या पोर्टातून, हे त्याला लिहून द्यावं लागतं. एजेनं बिश्केकच्या सर्व्हरच्या पत्त्यात एक आकडा चुकवला. दोन दिवस राखणदार रिकाम्या कुरणात भुंकत राहिला, आन् बिश्केकवाले विचारत राहिले, तुमचे कंप्युटर मेले का. तो आकडा तिनं सुधारला. खरा घोळ पुढच्या ओळीत झाला.

त्या ओळीत लिहायचं होतं, कुणाला कधीच अडवायचं नाही ते. तिथं एकट्या सर्व्हरचा पत्ता हवा. एजेनं त्याच्या शेजारी जुमाकादिर अतांच्या कंप्युटरचा पत्ता घातला. अता, म्हणजे आजोबा, एकाहत्तर वर्षांचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी रोज येतात, आन् घरी जा म्हणायची कुणाची छाती नाही. पांढऱ्या दाढीला दारात अडवून ‘कोण तुम्ही’ विचारायचं? आमच्यात कुत्रंसुद्धा विचारत नाही. मग शिक्के मारणारी सालकिनाय म्हणाली, मी एजेपेक्षा दोन वर्षांनी मोठी, मला अडवणार काय? वंशावळी लिहिणारा मी, मीही म्हणालो, मलाही नातू आहे. दुपारपर्यंत एजे इतकी कावली, की कचेरीचे सगळेच पत्ते एका ओळीत कोंबून मोकळी झाली.

शुक्रवारी तपासनीस आला, एल्दियार नावाचा, तिशीतला. त्याचे ओळखीचे कागद कुणी मागितले नाहीत. आलेल्याला आधी चहा. त्याला शेगडीजवळ मानाच्या जागी बसवलं, म्हणजे अतांच्या शेजारी. पुढं बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, ठेवले. त्यानं लॅपटॉपला नेटवर्कची केबल मागितली, तर सालकिनायनं स्वतः वाकून जोडून दिली, म्हणजे त्यालाही कचेरीचाच पत्ता मिळाला. एका हातानं बोर्सोक खात त्यानं दुसऱ्या हातानं शंभर चुकीचे पासवर्ड हाणले. राखणदार गप.

“एजे, शंभर बार दार वाजवलं,” तो म्हणाला. “कुनी उठून आलं न्हाई.”

“पावण्याला अडवत न्हाईत, बाबा.”

“मग वंशावळी घिऊन जातो. पावण्याला न्हाईबी म्हनत नसाल.”

एजेचा चेहरा उतरला. गाडीला दोन तास होते. तेवढ्यात सुधारलं तर पुन्हा बघतो, असं तो म्हणाला. ती ओळ पुसायला तिला मिनिटभर लागलं. सालकिनायला आन् मला तिनं नजरेनंच गप्प केलं. अतांपुढं मात्र ती हात पुसत उभी राहिली.

“अता, तुमचा पत्ता काढलाय मी.”

“म्हंजी मी चोर?”

“न्हाई. पर खुर्चीत कोन बसलंय ते राखणदाराला दिसत न्हाई. उद्या तुमच्या खुर्चीत दुसरंच ढुंगण आसंल तर?”

अख्खी कचेरी भिंतीकडं बघायला लागली. अता म्हणाले, माझा पासवर्ड मला तुझ्या जन्माआधीपासून पाठ आहे. हे गणितात बसत नव्हतं, पण मास्तरणीनं त्यांना खुर्ची ओढून दिली. अता तावातावानं बसले. चष्मा खिशातच, बोट एकच. चुकलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्या वेळी कंप्युटरला म्हणाले, “नीट वाच की.” पाचव्याला पडदा बंद.

त्याच मिनिटाला एल्दियारचा फोन वाजला. नारिनमध्ये कुणी घुसतंय का, बिश्केकवाले विचारत होते.

“घावलाय,” तो म्हणाला. “दाढी पांढरी हाय.”

त्यानं पास म्हणून सही केली आन् उरलेले बोर्सोक खिशात घातले. अता खुर्चीतून हलले नव्हते.

“किती येळ भाईर ठेवनार मला?”

“धा मिंटं, अता.”

“धाच? किरकोळ चोर समजतो व्हय त्यो मला?”

एजेनं कीबोर्ड पुढं ओढला आन् अतांच्या मानासाठी अर्धा तास केला.