आईचा बंब आणि माझी साक्ष

माझी फजिती दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी.

दहिवलीच्या आमच्या घरातला तांब्याचा बंब चोरीला गेला. आई गेल्यावर तिची म्हणून तेवढीच वस्तू उरली होती. पोलिसांनी चौक गावाकडे चोर पकडला, बंबही मिळाला. निकाल लागेपर्यंत कोर्टानं तो माझ्याकडे सांभाळायला दिला. अट एकच, बोलावलं की आहे तसा हजर करायचा.

साक्षीची तारीख आली. आता सांगा, आईचा बंब कोर्टात काळाकुट्ट न्यायचा? मी चिंच लावून घासला, पोचा ठोकून घेतला, गळका नळसुद्धा बदलला.

बायको म्हणाली, "अवो, कागदावर काय लिवलंय ते तरी वाचा."

"कोर्टाचा काही मान असतो गं."

"मंग खालून बी घासा."

"खाली कोण बघतंय?"

कोर्टात बंब असा झळकला की मी स्वतःवरच खूश. तेवढ्यात चोराचा वकील उठला.

"तक्रारीत लिहिलंय, काळा पडलेला, पोचा आलेला, नळ गळका. यातलं इथे काय दिसतंय?"

बंब आमचा नाही असं ठरलं, तर चोर सुटणार आणि आईची वस्तू मीच घासून घालवणार! मागच्या बाकावर बायको बसली होती. तिकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

न्यायाधीश मॅडम मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी तक्रार पुन्हा सावकाश वाचली.

"तळाला पितळेचं ठिगळ, असंही लिहिलंय. उलटा करा बंब."

मी आणि शिपायानं मिळून उलटा केला. काजळी सगळी माझ्या पांढऱ्या शर्टावर. आणि काळ्या तळाला, मधोमध, आईनं लावून घेतलेलं ठिगळ!

खरं सांगतो, डोळे भरून आले. कामाच्या एवढ्या ढिगाऱ्यात कुणीतरी माझ्या आईच्या ठिगळासाठी थांबलं होतं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

"वरून एवढा घासलात, मग तळ का राहिला?" मॅडमनी विचारलं.

खरं बोलायची शपथ घेतलेली. काय करणार?

"कंटाळा आला, मॅडम."

त्यांनी तेही टाइप करायला सांगितलं. खाली माझी सही घेतली.

निकाल लागला, बंब कायमचा घरी आला. त्याच आठवड्यात बायकोनं कोर्टात रीतसर अर्ज करून माझ्या साक्षीची शिक्क्याची नक्कल आणली. आता मी कुठलंही काम टाळलं की ती कपाट उघडते.