पणजोबांच्या शाळेचं रजिस्टर

पिंपळे सौदागरच्या सोसायटीत राहणारा माझा चुलतभाऊ, आमचे पणजोबा सरदार होते असं सगळ्यांना सांगायचा. पुरावा शोधायला तो मला चाकणजवळच्या आमच्या गावच्या शाळेत घेऊन गेला. गुरुजींनी जुनं रजिस्टर काढलं. पणजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं: वडिलांचा धंदा मजुरी, शाळा सोडण्याचं कारण गुरं राखणे. दुसरीतच शाळा सुटलेलं ते पोर माझ्या डोळ्यांपुढे आलं.

भाऊ मात्र गुरुजींच्या कानाशी लागला. “मजुरीच्या जागी जहागिरी करता येईल का? तुमचं काय ते बघू.”

गुरुजींनी रजिस्टर मिटलं.

स्वतःच्या पणजोबांची लाज वाटणारा इतका क्षुद्र माणूस आपल्याच रक्ताचा, याची मला किळस आली. त्याच्या गाडीत न बसता मी फाट्यापर्यंत चालत गेलो.