सुधारून दिलेला पूर

आमच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, न तपासलेले पेपर आणि किस्से. पेपर कधीतरी संपतात. किस्से राहतात, आणि हल्ली ते सांगताना पूर्वीसारखं हसू येत नाही.

पेणच्या कॉलेजात आमचा भूगोल विभाग तिघांचा. विभागप्रमुख म्हात्रे सर, रिटायरमेंटला टेकलेले. रोज रोह्याहून येणारी तांबे मॅडम, तरुण आणि अजून उत्साही. आणि मधली मी. मुलं मोबाइलवर एआयकडून उत्तरं लिहून घ्यायला लागली, तेव्हापासून आमचा एकच उद्योग चाललाय. मुलाला खरंच समजलंय का, हे कळेल अशी परीक्षा शोधायची.

*

सुरुवात सोपी केली. ‘आपल्या गावचा भूगोल’ असा विषय दिला. म्हटलं, स्वतःच्या गावाबद्दल तरी स्वतः लिहितील.

गडब गावच्या एका मुलानं लिहिलं, ‘डोंगरांच्या कुशीत वसलेल्या या गावातील फेसाळणारा धबधबा पर्यटकांचे मन मोहून टाकतो.’

म्हात्रे सर स्वतः गडबचे. त्यांनी मुलाला शांतपणे जवळ बोलावलं. ‘‘अरे, माझा सगळा जन्म तिथं गेला. हा धबधबा कुठं हाय?’’

मुलानं जरा विचार केला. ‘‘सर, हायवेच्या कामात गेला असेल.’’

*

मग तोंडी परीक्षा सुरू केली. खाडीकाठच्या एका मुलानं भरती-ओहोटीची कारणं श्वास न घेता सांगितली. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण, सगळं.

मला बरं वाटलं. विचारलं, ‘‘तुमच्या भातशेतीत खारं पाणी कधी शिरतं?’’

‘‘बांध फुटला की.’’

‘‘आणि बांध कधी फुटतो?’’

‘‘मोठ्या उधाणाला.’’

‘‘मग उधाण कधी येतं?’’

‘‘ते आजोबांना ठाऊक असतं.’’

‘‘आत्ता तू चंद्राचं सांगितलंस, त्याचा उधाणाशी काही संबंध?’’

त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. ‘‘मॅडम, ते पुस्तकातलं. हे आमच्या शेतातलं.’’

*

तांबे मॅडम म्हणाली, ‘‘एआयशी भांडून काय होणार? त्याचंच उत्तर मुलांच्या हातात देऊ आणि त्यातल्या चुका शोधायला सांगू.’’

कल्पना छान होती. पेपर घरी नेऊन सोमवारी आणायचे ठरले. मुलांनी घरी जाऊन चुका कुणाला विचारल्या, हे सांगायला नको. एकीनं तर मोबाइलवरचं उत्तर पहिल्या ओळीपासून जसंच्या तसं उतरवलं होतं, ‘तुमचे म्हणणे योग्य आहे. माझी चूक झाली, त्याबद्दल क्षमस्व.’

तांबे मॅडम डोकं धरून बसली. म्हात्रे सरांनी चष्मा वर केला.

‘‘इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी चूक कबूल केली. दोन मार्क द्या तिला.’’

*

मधेच रोह्याला एक ट्रेनिंग झालं. विषय, ‘एआयच्या युगात खरे आकलन तपासणाऱ्या परीक्षा’. पाहुणे बाहेरून आलेले, स्लाइड्स देखण्या. दुपारच्या जेवणानंतर निम्मा हॉल पेंगत होता. शेवटची स्लाइड आली. तिच्यावर तळाशी लिहिलं होतं, ‘तुम्हाला हवे असल्यास मी यात आणखी उदाहरणे घालून देऊ शकतो.’

कुणीच हसलं नाही. परतताना गाडीत म्हात्रे सर एवढंच म्हणाले, ‘‘जाऊ दे. चहा बरा होता.’’

*

मग आम्ही नियमच केला. लिखाण एआयचं निघालं तर शून्य. इंटर्नल मार्क वर पाठवायच्या दिवशी एकच नाव अडकलं, नागोठण्याची रसिका. तिचं शून्य कायम केलं, तर ती विषयात नापास होत होती आणि वर्ष जात होतं. निबंधाचा विषय होता पूर. तिनं लिहिलं होतं, ‘पूर म्हणजे निसर्गाचे रौद्र रूप. घराघरांत अश्रूंचा महासागर उसळला.’

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. दाराशी उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

‘‘रसिका, तुमच्या घरात पाणी शिरलं होतं ना गो?’’

‘‘व्हय मॅडम. पंख्याच्या बटणापर्यंत.’’

‘‘मग ते का नाही लिहिलंस?’’

‘‘लिहिलं होतं. मोबाइलवरच. मग त्यालाच विचारलं, बरोबर हाय का. त्यानं सुधारून दिलं.’’

‘‘आणि तू लिहिलेलं?’’

‘‘ते पुसलं.’’

तांबे मॅडमनं टेबलावरचे पेपर बाजूला सारले. मी रसिकाला कोरा कागद दिला आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढली. ‘‘बस इथं. पुन्हा लिही. जसं आठवतंय तसं.’’

ती बराच वेळ लिहीत होती. खोडत होती, पुन्हा लिहीत होती. कागद आधी म्हात्रे सरांनी घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

‘पाणी आलं तेव्हा आईनं आधी दार उघडलं. आम्ही ओरडलो, लाव लाव. ती बोलली, दार लावलं तर पाणी दार तोडून येईल, उघडं ठेवलं तर आल्या वाटेनं जाईल. मग आम्ही माळ्यावर बसून पाणी बघितलं. आमची भांडी घरातल्या घरात फिरत होती. आई एकेकाचं नाव घेत होती, तो टोप, ती परात. कुठलं भांडं दारातून गेलं की गप्प व्हायची.’

पुढचं सरांनी मनातच वाचलं. कागद माझ्याकडे दिला आणि रुमालानं चष्मा पुसत बसले.

रसिका आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. मग घाबरत म्हणाली, ‘‘मॅडम, चुका असतील तर एकदा मोबाइलवर सुधारून आणू?’’