सोयरीक आणि पासवर्ड

आमच्या व्याह्यांसारखा दुसरा माणूस जगात असलाच, तर तोही दुसऱ्याच्याच पासवर्डावर चालत असणार. मूलच्या अलीकडे एका गावात त्यांची धानाची शेती आहे, ऐसपैस अंगण आहे आणि समोरच्या खोलीत भिंत झाकून टाकेल एवढा टीव्ही आहे. त्या टीव्हीवर देशातली झाडून सारी ॲपं उघडतात आणि त्यांतल्या एकाचेही वर्गणीदार आमचे व्याही नाहीत. "मंग सोयरे कायले असतात?" असं ते मला, म्हणजे त्यांच्या सुनेच्या बापाला, विचारतात.

त्यांचा नियम साधा आहे. एक सोयरा, एक ॲप. क्रिकेटचं ॲप मोठ्या जावयाकडे ब्रह्मपुरीला, सिनेमांचं साडूकडे नागभीडला, आणि सासू-सुनांच्या मालिकांचं माझ्याकडे चंद्रपूरला. कोणी कोणतं घ्यायचं हे तेच ठरवतात. एकदा साडूनं हौसेनं माझंच ॲप घेतलं, तेव्हा पंगतीत दोघांनी वांग्याचीच भाजी आणावी तसे ते त्याच्यावर चिडले होते. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर चहा-पोहे झाल्यावर त्यांनी मुलीच्या वडिलांना गंभीरपणे विचारलं, "तुमच्याकडं कोनतं हाय?" त्या सज्जन माणसानं आधी कूळ सांगितलं, मग देवक सांगितलं, मग घाबरून शेत किती ते सांगितलं. शेवटी व्याह्यांनी टीव्हीकडे बोट केलं. लग्न जमलं. मुलगी गुणी होतीच, पण व्याह्यांनी परतीच्या वाटेत माझ्या कानात सांगितलं ते वेगळंच: ते ॲप आपल्यात कोणाकडेच नव्हतं.

तंत्रज्ञान त्यांना समजत नाही असं कोणी म्हणू नये. ते त्यांना धानासारखं समजतं. मालिकेचा पहिला सीझन संपला असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मंग हे लोक उन्हाळी पीक घेतात का नाई?" मी हो म्हणालो. पाण्याची सोय असली तर घेतात, असंही पुढे म्हणालो, कारण व्याह्यांसमोर अज्ञान दाखवणं मुलीच्या बापाला परवडत नाही.

या कंपन्या एकमेकींच्या मालिका पळवतात, कालपर्यंत इथे दिसणारी गोष्ट आज 'फक्त आमच्याकडे' म्हणून तिकडे दिसते, हे बघून शहरातली माणसं वैतागतात. व्याही मात्र वैतागले नाहीत. झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय? दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडई आली की नाटक आलंच, आणि गावात दोन मंडळं असली की एकाच दिवशी दोन मंडप पडतात. मग नाटक कंपन्यांच्या वडशाला जाऊन नावाजलेली नटी आधी कोण ठरवतो, आणि ठरलेली नटी कोण फोडतो, यावर वर्षभराची इभ्रत अवलंबून. "हे मुंबईवाले आता शिकून राह्यले," असं ते कौतुकानं म्हणत. "आपलं जुनंच काम हाय हे."

हे सांगताना त्यांचा आवाज एका ठिकाणी खाली जाई. कारण त्यांची नटी फोडणारा दुसरा तिसरा कोणी नव्हता, तर सख्खा धाकटा भाऊ होता. दोघं एकाच मंडळात होते, कशावरून तरी बिनसलं, धाकट्यानं दुसरं मंडळ काढलं आणि ऐन मंडईच्या दिवशी थोरल्यानं ठरवलेली नटी आपल्या मंडपात उभी केली. सारं गाव तिकडे गेलं. पुढे धाकटा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. लग्नात, मयतीत ते एकमेकांना बघत, ते परक्या गावचा तलाव बघावा तसे.

तर व्याह्यांची लाडकी मालिका माझ्या ॲपवर होती. नायिका कड्यावरून पडून वेगळा चेहरा घेऊन परत आली होती आणि स्वतःच्याच नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नात वाढपी म्हणून वावरत होती. हे सगळं ते केवळ विहीणबाईंसाठी बघत, असं त्यांचं म्हणणं. विहीणबाई तेव्हा मागच्या आवारात असत. त्या दिवसांत मी गेलो की पाटोडीची, म्हणजे बेसनवड्यांची, भाजी ठरलेली. आणि मग एका सोमवारी, नवरा तिला ओळखणार एवढ्यात, मालिका माझ्याकडून गेली. पुढच्या खेपेला मला आलुपोहा मिळाला. तोही गार.

मालिका कुठे गेली याचा तपास माझ्या लेकीनं लावला. ते नवं ॲप साऱ्या गोतावळ्यात एकाच घरी होतं, गडचांदूरच्या त्या भावाकडे. हे ऐकून व्याही म्हणाले, "पुन्हा त्यानंच फोडली." कंपन्यांचे व्यवहार मुंबईत होतात, यात त्या बिचाऱ्याचा हात नाही, हे मी समजावून पाहिलं. त्यांना ते पटलेलं मला दिसलं नाही.

भावाकडून पासवर्ड लेकीनंच परस्पर आणला, एक शब्दही इकडचा तिकडे न होता. महिनाभर नायिका सुखानं रडली. मग पडद्यावर पाटी आली, की हे खातं एका घरापुरतंच आहे. घरचे असाल तर महिन्यातून एकदा खातं उघडलेला फोन त्या घरी नेऊन तिथल्या नेटला जोडा. व्याह्यांनी ती पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. तिसऱ्या दिवशी ते पिशवीत घरचा तांदूळ घेऊन चंद्रपूरच्या बसस्टँडवर उभे होते आणि जाणकार म्हणून मला सोबत चला म्हणत होते. माझं जाणकारपण टीव्ही बंद करून पुन्हा सुरू करण्याइतकंच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

गडचांदूरला भाऊ फाटकातच उभा होता. "या," एवढंच म्हणाला. यंदा धान कोणतं लावलं, पाऊस कसा होता, कारखान्यातून सुटका कधी, असलं बोलणं दोघांनी माझ्यामार्फत केलं. मी दोन खुर्च्यांच्या मध्ये पोस्टमनसारखा बसलो होतो. मग फोन नेटला जोडला. पडद्यावर प्रश्न आला. व्याह्यांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी मोठ्यानं वाचला: "तुम्ही याच घरातले आहात का?"

खाली दोन चौकोन होते. हो, नाही. व्याह्यांचा अंगठा दोन्हींच्या वर थांबला.

"खोटं कसं दाबू मी?" ते मला म्हणाले. "मी राहतो का इथी?"

भाऊ पंख्याकडे बघत होता. "त्या दिवशी तुह्या मंडपात कोनी नव्हतं," तो म्हणाला, आणि या वेळी माझ्याकडे वळला नाही. "मले मालूम होतं. येवाचं होतं मले, आलो नाई." मग म्हणाला, "दाब ना दादा. हो दाब."

व्याह्यांनी दाबलं. एवढ्या जोरानं, की फोनला वाटलं असेल मळणीच सुरू झाली.

तेव्हापासून ते महिन्याच्या महिन्याला गडचांदूरला जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना जे जमलं नाही, ते एका पाटीनं केलं. आणि आता, गेल्या आठवड्यात, मालिका तिथूनही गेली. जिथे गेली ते ॲप आमच्या कुठल्याच सोयऱ्याकडे नाही, आणि ते मिळवायला घरात लग्नाचं कोणी उरलेलं नाही. ही बातमी जपून सांगावी म्हणून मी व्याह्यांना फोन केला. मागे एसटीचा गोंगाट होता.

"मालूम हाय," ते म्हणाले.

मग आता निघालात कुठे, मी विचारलं.

"महिना भरला ना, इवाई. फोन न्या लागते तिथी. नाई तं बंद होते ते."

बंद झालं तर होऊ द्या, त्यात आता बघण्यासारखं काय राहिलं, असं मी म्हणून गेलो. गाडी लागली, ठेवतो, ते म्हणाले, पण फोन बंद करायचं विसरले. त्यामुळे त्यांना खिडकीची जागा मिळालेली मला ऐकू आली, शेजारच्या कोणीतरी कुठी जाऊन राह्यले भाऊ म्हणून विचारलेलं ऐकू आलं, आणि व्याह्यांनी त्याला, जरा मोठ्यानंच, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलेलंही: "गडचांदूरले. भाऊ हाय आपला तिथी."