स्टोव्हची पूजा

मुळशीत धरणाचं पाणी चढायला लागलं त्या साली मी दहा वर्षांची होते. निम्मं गाव उठून गेलं होतं. आमचीही गाडी भरून उभी होती, पण आई चुलीपुढून हलेना. "चूल टाकून मी कुटं येत न्हाई," एवढंच तिचं म्हणणं. वडील आठ दिवस समजावून थकले होते. आईला मागं ठेवूनच गाडी निघेल, या धास्तीनं मी घरात-अंगणात नुसत्या येरझारा घालत होते.

चहा आमच्याकडे नवाच. सकाळी भाकऱ्या झाल्या की चुलीशेजारच्या वैलावर, उरल्यासुरल्या धगीवर गुळाचं पाणी ठेवायचं. ते उकळेपर्यंत माझा जीव जाई. म्हणून आईला वळवायला वडिलांनी शेवटी पुण्याहून पितळी स्टोव्ह आणला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला.

"चार पंप मारले की च्या तयार," वडील आईला म्हणाले. "मग चूल कशाला पायजे?"

नवी वस्तू घरात आली की आधी तिची पूजा. वडील बैलांना पाणी दाखवायला गेले आणि मी लगेच पुढं झाले. स्टोव्हच्या तोंडावर चिमटीनं हळद-कुंकू सोडलं, वर अक्षता टाकल्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत. वडिलांनी परत येऊन रॉकेलात भिजवलेली चिंधी पेटवली, पंप मारून मारून घामाघूम झाले. स्टोव्हनं भकाभका धूर काढला आणि मान टाकली. भोकात कुंकू बसलं होतं.

आई हसली, कित्येक दिवसांनी. "त्यालाबी हितनं जायचं न्हाई जनू."

मला रडू कोसळलं. "तू न्हाई आलीस तर आमी कसं जायचं?"

तिचं हसू थांबलं. मग तिनं चहाचं आधण वैलावर न ठेवता थेट चुलीवर ठेवलं. आम्हाला चहा दिला, एरवी तोंडाला न लावणारी ती स्वतःही प्यायली, आणि उठून कळशी उचलली. विस्तवावर पाणी ओतणं आमच्यात अभद्र. विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा.

"अगं, काय करतीस?" वडील म्हणाले.

"पानी येनारच हाय तिच्यावर. मंग माज्या हातानं इझू दे."

चूल फसफसली, राख आमच्या डोळ्यांत गेली. आई गाडीत जाऊन बसली. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं.