अंगठ्याला डोळे फुटले तेव्हा

परभणीच्या तहसीलसमोरील माझ्या टेबलावरच्या पॅडमध्ये आज नवी जांभळी शाई ओतली, आणि तिच्या उग्र वासाने मला पेडगावच्या घरातील एका जुन्या दुपारी नेऊन सोडले.

माझी धाकटी बहीण वनिता मुलांसाठी कुटुंबावरचे चित्रपुस्तक रंगवीत होती. "दादा, सगळ्यांची तोंडं एकसारखीच यायलीत. मी हे काम वापस करते," असे म्हणून तिने कुंचला खाली ठेवला. दोन अंगठे कधीही सारखे नसतात, हे माझ्यासारख्या अनुभवी अर्जनवीसाने सांगायचे नाही तर कोणी? मी तत्काळ पॅड उघडून आईचा अंगठा धरला.

"काय लिहून घ्यायलास रे? जमीन तर न्हाई?" आई हसली.

कागदावर उमटलेल्या ठशाला वनिताने डोळे, कुंकू आणि पदर काढला. आईने तो कागद डोळ्यांजवळ नेला.

"लय कागदावर अंगठा देला," ती म्हणाली, "पन माझं तोंड आजच दिसायलंय."

मग घरातील प्रत्येकाच्या अंगठ्यातून ते पुस्तक पूर्ण झाले. आजही माझ्यासमोर अंगठा देताना कोणी संकोचले, की मी टेबलावर ठेवलेल्या त्या पुस्तकातले आईच्या ठशाचे पान उघडतो आणि सांगतो, "या आमच्या मातोश्री."