मंडईनंतरचा सोमवार

"हे डिप्रेशन आहे. म्हणजे नैराश्याचा आजार," नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मला रागच आला. कितीतरी महिने आम्ही तपासण्या करत फिरलो होतो. रक्त झालं, थायरॉइड झालं, डोळे झाले, डोक्याचा फोटोसुद्धा काढून झाला. सगळं नॉर्मल. आणि ज्याचा कुठल्याच मशीनमध्ये फोटो निघत नाही, नेमका तोच आजार माझ्या पोरीच्या वाट्याला आला होता. आता गावात लोकांना काय दाखवायचं?

प्राची सोळा वर्षांची, अकरावीत. मी एसटीत कंडक्टर. तिचे बाबा गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात धानाची शेती बघतात. ही पोरगी कबड्डी खेळायची तेव्हा तिचा आवाज मैदानाबाहेरच्या रस्त्यापर्यंत यायचा. मग ती हळूहळू गप्प होत गेली. आधी खेळ सुटला, मग मैत्रिणी, मग कॉलेज, मग केस विंचरणंसुद्धा. खोलीचं दार लावून दिवसभर पडून राहायची. ड्युटीवरून आले की मी दार ठोकायची. आतून उत्तर नाही. मग दाराला कान लावून तिचा श्वास ऐकत उभी राहायची. त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

मॅडमनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं. नंतर तिला विचारून मला आत बोलावलं. "मी नसले तरी कोणाला काही फरक पडत नाही, असं ती म्हणते. हे बोलणं हलक्यात घेऊ नका. तिला एकटं सोडू नका," त्या म्हणाल्या. तुमच्या घरात कोणी असं बोललं तर 'वय आहे, होते असं' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आम्ही फार उशिरा गाठला.

गोळ्या सुरू झाल्या. पहिलीने तिचं पोट बिघडलं. दुसरीने ती अशी बेचैन झाली की एका जागी बसेना. काउन्सेलिंग, म्हणजे बोलून करायचा उपचार, तोही सुरू होता, पण बोलणारी एकटी काउन्सेलरच. मॅडम म्हणायच्या, धीर धरा. धीर धरून माझे दात दुखायला लागले होते.

गावाकडे तर प्रत्येकाकडे इलाज तयार. शेजारीण म्हणाली, "मोबाइल काढून घ्या जी तिचा, चार दिवसांत सुधरते." कोणी पुजाऱ्याकडे न्यायला सांगितलं. एकीने तर स्थळही सुचवलं. सोळा वर्षांच्या पोरीला! जिचा पाय मोडला तिला कोणी असं सांगत नाही. मनाचं काही असलं की अख्खं गाव डॉक्टर होतं.

शेवटी मॅडमनी आरटीएमएस सुचवलं. सोप्या भाषेत सांगायचं तर डोक्याच्या डाव्या बाजूला, पुढे, एक चुंबकाचं यंत्र टेकवतात. त्यातून ठोके देतात आणि मेंदूचा जो भाग सुस्तावलाय त्याला जागं करतात. भूल नाही, टोचणं नाही. पोरगी जागीच असते, खुर्चीत टेकून बसते. शॉक देतात ती पद्धत वेगळी. डोक्याजवळ धातू चालत नाही, म्हणून कानातले काढायचे. कानात आवाज कमी करणारे बोळे घालायचे. रविवार सोडून रोज, काही आठवडे. या वयाच्या मुलांसाठी हा उपचार अजून नवा आहे आणि सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, हेही मॅडमनी आधीच सांगितलं. डोकं दुखू शकतं. आणि क्वचित, फारच क्वचित, फीट म्हणजे मिरगीचा झटका येऊ शकतो. म्हणून झोप पूर्ण हवी. जागरण अजिबात नको.

"क्वचित म्हणजे किती?" मी लगेच विचारलं. प्राचीने खांदे उडवले. "आली तं आली," ती म्हणाली. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या.

माझ्या धाकट्या भावाचं गोंदियात कापडाचं दुकान आहे. त्याने ऐकलं आणि फोनवरच ओरडला, "ताई, पोरीच्या दिमागाले करंट लावून राहिली का तू? मंग तिच्याशी लगन कोण करन?" मी फोन ठेवून दिला. बसमध्ये असता तर मधल्या रस्त्यात उतरवला असता.

नागपुरात प्राचीच्या आत्याकडे आमची सोय झाली. मी साठवलेल्या रजा टाकल्या. रोज सकाळी क्लिनिक, वेटिंग रूम, तोच टीव्ही, त्यावर तीच बाई भाजी फोडणीला टाकतेय. आतून ठोक्यांचा आवाज यायचा, जुन्या कंडक्टरांनी तिकिटाचा पंच दांडीवर वाजवावा तसा. मग थोडा थांबायचा. मग परत. प्राची बाहेर यायची ती आत गेली तशीच. मी विचारायची, "बरं वाटते का?" ती मान हलवायची, त्यातून हो की नाही काहीच कळायचं नाही.

एक आठवडा गेला, दुसरा गेला, फरक शून्य. मॅडम म्हणाल्या, "काहींना उशिरा परिणाम दिसतो." मला तर वाटायला लागलं होतं की आपण पोरीचं डोकं उगाच ठोकून घेतोय. शनिवारी संध्याकाळी गावी परतायच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि मी तिच्या पाठीशी मनातल्या मनात भांडायची. आजारी माणसावर रागावू नये, हे मला कळतं. तरी राग येतो. तुम्हालाही येईल.

तेवढ्यात आमच्या गावची मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, आज या गावाला, उद्या त्या गावाला. दिवसा दुकानं, पाळणे, आणि रात्रभर नाटक. घर पाहुण्यांनी भरतं. आमची नेमकी रविवारी होती. पहाटेच्या गाडीने परत नागपूर गाठायचं होतं, म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलं, प्राचीला लवकर झोपू द्या. मग पाहुण्यांच्या भाताच्या गंजाशी, म्हणजे मोठ्या पातेल्याशी, झटत बसले.

संध्याकाळी भाऊ आला. काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, तो सरळ तिच्या दारात गेला. "चाल वो भाची, नाटक पाहू. मी हाव नं संग." आणि ती उठली! इतके महिने आपणहून दाराबाहेर न पडणारी पोरगी ओढणी घेऊन मामाच्या मागे निघाली. सांगा, मी काय करायला हवं होतं? कोणती आई त्या वेळी नाही म्हणेल? मी पदराला हात पुसत उभी राहिले आणि मला इतका आनंद झाला की झोपेची गोष्ट डोक्यातून पार निघून गेली. दोघं आली ती नाटक संपवूनच. तिने तोंड धुतलं आणि आम्ही स्टेशन गाठलं.

क्लिनिकमध्ये मशीनवरच्या ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "रात्री झोप झाली ना?"

"झाली," मी म्हणाले.

आता बघा, माझी सगळी नोकरी खोटं पकडण्यात गेली. अर्ध्या तिकिटासाठी मिसरूड फुटलेल्या पोराला अकराचा सांगणारे बाप मी रोज बघते आणि वरून त्यांना सुनावते. आणि इथे मीच, तितक्याच सहज, पोरीच्या समोर. एक दिवस वाया जाऊ नये, एवढंच तेव्हा मनात होतं.

"नाही झाली," प्राची म्हणाली. मोठ्याने. वेटिंग रूममधल्या लोकांनी माना वळवल्या. "रातभर नाटक पाहिलं आम्ही. आई खोटं बोलून राहिली. मले फीट आली तं?"

सेशन रद्द झालं. मी मॅडमच्या खोलीत शिरून भांडलेच. "रजा टाकून येतो आम्ही, मॅडम! एका दिवसाने काय होतं?"

"धोका वाढतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "आज नाही म्हणजे नाही. पण तुमची मुलगी काय म्हणाली ते ऐकलंत का?"

"ऐकलं ना. सगळ्यांसमोर आईला खोटं पाडलं."

"हा उपचार सुचवला त्या दिवशी मी हाच धोका सांगितला होता. तेव्हा काय म्हणाली होती?"

मला तिचे शब्द आठवले. आली तं आली. तेव्हा तिला स्वतःचं काही झालं तरी चालणार होतं. आज ती जिवाला घाबरली होती. स्वतःच्या जिवाला. मी खुर्चीत बसले आणि मॅडमच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. बाहेर आले तर प्राची फुगून बसली होती. "कायले खोटं बोलतेस?" ती म्हणाली. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने माझा हात झटकला. तेही मला गोड लागलं.

त्या एका दिवसात जादू झाली, असं समजू नका. पुढचेही काही आठवडे गेले. गोळी अजून आहे, कमी मात्रेची, ती मॅडमना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. काउन्सेलरशी आता ती बोलते, कधी माझ्याविरुद्धही. वाईट दिवस अजून येतात. त्या दिवसांत मी फोन उचलते आणि मॅडमना विचारते, शेजारणीला नाही. मॅडमचे, मशीनवरच्या ताईंचे आभार मी मानलेच. भावाचेही मानले, पण जागरणाबद्दल झापल्यावर.

परवा रविवारी मी सवयीने तिचं दार ठोकलं. पाठोपाठ आतून आवाज आला, कबड्डीच्या मैदानावरचा.

"काऊन ठोकून राहिली वो आई? झोपू दे नं!"

मी दाराला कान लावला नाही. स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला.